एक कमी पन्नास

फोन म्हणाला, चार मिनिटं.
फोनला पाय नाहीत.

पिट्सबर्गच्या नकाशावर ऑर्लीन स्ट्रीट
इतर गल्ल्यांसारखीच एक पांढरी रेघ.
तिच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो
तर रस्त्याचा जिना झालेला.
खांबावर रीतसर निळी पाटी,
आणि वर, दोन्ही अंगांना,
कड्यात नखं रोवून बसलेली घरं
ज्यांच्या दारात आजवर एकही चाक पोचलेलं नाही.
टपालपेट्या मात्र प्रत्येकाला.
म्हणजे कोणीतरी रोज चढतं.

मी लिफ्ट तपासणारा माणूस.
पंचवीस वर्षं दोर, कप्पी, ब्रेक,
आणि शेवटी सही.
इथे आलो तेही लिफ्टच्याच परिषदेला,
नावाचा बिल्ला अजून गळ्यात.
चढ म्हणजे माझ्या लेखी
बटण दाबून मिटवायची गोष्ट.
खोली स्वस्त होती. फोटोत नदी दिसत होती.
कुठून दिसते, हे मी विचारलं नव्हतं.

बाराव्या पायरीवर बॅगेचं एक चाक निखळलं.
टणटणत, मजेत, मोनोंगाहेलाच्या दिशेने
गेलं ते गेलंच.

"ओढू नकोस तिला. उचल."
कठड्याला टेकून एक म्हातारी,
पायाशी मिठाची पिशवी,
बर्फ पडला की पायऱ्यांवर टाकायचं मीठ.
मी हात पुढे केला.
"तुझं तू बघ आधी," म्हणाली.
डोरोथिया ह्रापचाक. नाव तिने दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा जरा दया येऊन.
तिचा बाप खालच्या पोलाद कारखान्यातून
पाळी संपवून याच पायऱ्यांनी घरी यायचा.
"वाटेत दोनदा बसायचा. लाज कसली त्यात?"

तिसावी खचलीये, डावीकडून ये.
कठडा धर, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस.
असलं वाक्य
आमच्या कुठल्याच नियमावलीत नाही.

ती मोजत होती तिच्या आईच्या भाषेत,
स्लोव्हाक असावी. मी माझ्या.
एका वळणावर दोघांचाही दम एकदमच संपला.
"किती झाल्या तुझ्या?"
एकोणपन्नास.
"म्हणजे?"
म्हणजे, शब्द शोधत मी म्हणालो, एक कमी पन्नास.
आमच्याकडे नऊ जवळ आला
की माणूस पुढच्या मुक्कामाचंच बोलतो.
ती हसली, खोकली, पुन्हा हसली.
"न चढलेली पायरी आधीच मोजता होय!"
हो म्हणालो. नंतर आठवलं,
शंभराच्या उंबऱ्याशी मात्र आम्ही तसं करत नाही.
तिथे नव्व्याण्णवच म्हणतो,
एकोणशंभर म्हणायला जीभ कचरते.
का, ते ठाऊक नाही.
तिला हे सांगायचं राहून गेलं.

तिच्या दारापर्यंत तिच्या हिशेबाने ऐंशी,
माझ्या हिशेबाने ब्याऐंशी.
भांडलो नाही. पाणी प्यालो.
खाली तीन नद्यांचं काहीतरी गुपचूप चाललं होतं
आणि पुलांवर दिवे लागत होते, एकेक करून, सावकाश.
माझी खोली अजून वर होती.

दुसऱ्या दिवशी परिषदेने आम्हाला
डोंगराच्या रुळावरच्या लाल डब्यात बसवलं.
एक डबा उतरतो म्हणून दुसरा चढतो.
सगळे नदीचे फोटो काढत होते,
मी सवयीने दोर बघत होतो.
अध्यावर समोरचा डबा शेजारून गेला,
आत नर्सच्या पोशाखात एकटीच बाई, सँडविच खात.
तिचं वजन मला वर नेत होतं
आणि तिला त्याचं काहीच नव्हतं.

आता विमानतळ.
फरशी चकाकती, सपाट,
पोटऱ्या दगडाच्या.
बॅग एका अंगाला कलून लंगडते आहे,
तिला अजून चढच वाटतोय.
मी उचलून घेतो.